जुन्या लाकडी कॅनूच्या बांधणीची नोंद : शोध आणि पडताळणी

लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणून बांधलेली जुनी कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद हलकी नाव, विकत घेतली, वारशाने मिळाली किंवा तळ्याकाठच्या एखाद्या घराच्या शेडमध्ये आढ्याला टांगलेली सापडली, की पहिला प्रश्न तिच्या वयाचा असतो. विकणारा बहुधा ‘शंभर वर्षांची आहे’ असे सांगतो आणि घेणाऱ्यालाही ते ऐकायला आवडते. परंतु उत्तर अमेरिकेत बांधल्या गेलेल्या अशा हजारो कॅनूंच्या बाबतीत अंदाजावर थांबण्याचे कारण नाही. काही कारखान्यांनी प्रत्येक नावेची स्वतंत्र लेखी नोंद ठेवली होती, त्या नोंदींचा मोठा भाग आजही शिल्लक आहे आणि नावेवरचा क्रमांक नीट वाचता आला तर ती पाहायला मिळू शकते. अमेरिका आणि कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी वाचकांपैकी कोणाच्या गॅरेजमध्ये अशी नाव आली असेल, तर पुढील पद्धत त्यांना थेट उपयोगी पडेल.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. क्रमांक मिळाला आणि त्या क्रमांकाचे कार्ड मिळाले, एवढ्याने ते कार्ड आपल्याच नावेचे ठरत नाही. कार्डावरचा प्रत्येक तपशील हा एक दावा असतो आणि समोरची नाव त्या दाव्याची साक्षीदार असते. दोघांची उलटतपासणी केल्याशिवाय काढलेला निष्कर्ष पुष्कळदा चुकतो आणि एकदा कागदावर उतरला की तो पुढच्या प्रत्येक मालकाकडे सत्य म्हणून पोहोचतो.

कोणाच्या नोंदी उरल्या आहेत

या शोधाचे केंद्र अमेरिकेच्या मेन राज्यात आहे. पेनॉब्स्कॉट नदीच्या खोऱ्यात बर्च झाडाच्या सालीच्या कॅनू बांधण्याची मूळ रहिवाशांची परंपरा फार जुनी होती. १९व्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सालीची जागा कॅनव्हासने घेतली आणि बँगर, वीझी, ओल्ड टाउन या शेजारशेजारच्या गावांत कारखाने उभे राहिले. ओल्ड टाउन कॅनू कंपनीचा आरंभ १८९८ मध्ये ग्रे कुटुंबाच्या हार्डवेअर दुकानामागे बांधलेल्या कॅनूपासून झाला, असे कंपनीचा इतिहास सांगतो. नदीतल्या बेटावर वसलेल्या पेनॉब्स्कॉट समाजातील कारागीरही या कारखान्यांत काम करीत होते. १९१० मध्ये ओल्ड टाउनने गावातली कार्लटन ही जुनी कंपनी विकत घेतली, पण कार्लटनच्या नावाने नावा विकणे पुढेही चालू ठेवले. ही बाब लक्षात ठेवावी, कारण पुढे क्रमांकांच्या गोंधळात ती उपयोगी पडते.

ओल्ड टाउनने प्रत्येक नावेसाठी एक कार्ड ठेवले. ही कार्डे २०व्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनची आहेत आणि पुढील कित्येक दशके ती अखंड चालू राहिली. १९७९ मध्ये स्थापन झालेली वुडन कॅनू हेरिटेज असोसिएशन आणि १८८० पासून चालत आलेली अमेरिकन कॅनू असोसिएशन या दोन संस्थांच्या अर्थसाहाय्याने त्यांचे स्कॅनिंग झाले असून स्कॅन केलेल्या नोंदींची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. मेनमधल्याच वॉटरव्हिल येथील केनेबेक कंपनीच्या आणि कार्लटनच्या काही नोंदीही अशाच जपल्या गेल्या आहेत. कॅनूंच्या जगात एवढे मोठे आणि एवढे सुटे सुटे दप्तर दुसऱ्या कोणत्याही कारखान्याचे उरलेले नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग ओल्ड टाउनवर आहे.

क्रमांक शोधणे आणि वाचणे

कॅनूच्या दोन्ही टोकांना, तळाच्या मध्यरेषेवरून निघून वर वळत जाणारे एक जाड लाकूड असते. आपल्याकडील होडीच्या भाषेत त्याला नाळ म्हणू. ओल्ड टाउनचा क्रमांक या नाळेच्या आतल्या टोकावर, म्हणजे नावेच्या आत, तळाशी सपाट झालेल्या भागावर ठोकलेला असतो, आणि तो सहसा दोन्ही टोकांना असतो. वर्षानुवर्षांचे व्हार्निश, वाळू, पाने आणि चिखल यांनी तो झाकलेला असतो. तळावर पट्ट्यांची जाळी टाकलेली असेल तर ती आधी उचलावी लागते. टोकाचा भाग अरुंद आणि अंधारा असल्याने नाव उजेडात आणून, ती स्टँडवर व्यवस्थित टेकवून, मगच तपासणीला सुरुवात करावी.

प्रथम कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी, नंतर ओल्या फडक्याने पुसावे. त्यानंतर छोटी टॉर्च लाकडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून वेगवेगळ्या बाजूंनी उजेड पाडावा. समोरून उजेड टाकला तर ठोकलेल्या अंकांच्या खाचा दिसत नाहीत; तिरप्या उजेडात त्यांच्या कडांची सावली पडते आणि अंक उठून दिसतात. प्रत्येक दिशेच्या उजेडात एक छायाचित्र घ्यावे. तरीही स्पष्ट होत नसेल तर पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी घासावी, किंवा खडूची पूड हलक्या हाताने खाचांत भरून वरची पुसून टाकावी. व्हार्निशचा थर फारच जाड असेल तर तेवढ्याच जागेपुरते रासायनिक रिमूव्हर वापरून तो मऊ करून काढावा. सँडपेपर मात्र कोणत्याही परिस्थितीत लावू नये. ठोकलेले अंक फार खोल नसतात आणि दोन मिनिटांच्या घासण्याने नावेचा एकमेव पुरावा कायमचा नाहीसा होतो. शिवाय जुन्या रंगात आणि कॅनव्हासच्या विणीत घोटून भरलेल्या भरणात शिसे असण्याची शक्यता मोठी असते; कोरडे घासून त्याची धूळ घरात उडवणे प्रकृतीला घातक आहे.

आता वाचण्याविषयी. ओल्ड टाउनच्या क्रमांकानंतर थोडी जागा सोडून नावेची लांबी फुटांत ठोकलेली असते. समजा, नाळेवर ९६४१२ आणि पुढे १७ असे दिसले, तर क्रमांक ९६४१२ आहे आणि नाव १७ फुटांची आहे. हे उदाहरण केवळ काल्पनिक आहे. मधली जागा व्हार्निशने भरून गेली की लोक ९६४१२१७ असा सात आकडी क्रमांक कळवतात आणि तसे कार्ड नाही असे उत्तर आले की निराश होतात. शेवटचे दोन अंक १५, १६, १७, १८ किंवा २० असतील तर ते लांबीचे असावेत असे धरून टेपने प्रत्यक्ष लांबी मोजावी. मोजलेली लांबी जुळली तर उरलेला आकडा हाच क्रमांक होय. ३ आणि ८, ५ आणि ६, १ आणि ७, ० आणि ६ या जोड्या विशेष फसव्या असतात. दोन्ही टोकांचे अंक स्वतंत्रपणे वाचून, एका वाचनाकडे न पाहता दुसरे लिहून, मग दोन्ही ताडून पाहावेत. शंका असलेल्या प्रत्येक अंकासाठी संभाव्य पर्याय लिहून ठेवावेत. पुढे सगळेच तपासता येतात. दोन टोकांचे क्रमांक वेगळे आले, तर कधीतरी दुसऱ्या नावेचे टोक बसवून दुरुस्ती झाली आहे का, हे पाहावे लागेल.

नावेवर इतरही आकडे असतात आणि ते या शोधात दिशाभूल करतात. भाड्याने नावा देणाऱ्यांनी बाहेरून रंगवलेले क्रमांक, उन्हाळी शिबिरांनी डेकवर, म्हणजे टोकांना वरून बसवलेल्या लाकडी झाकणावर लिहिलेले अंक, राज्याच्या नोंदणीची चिकटपट्टी, फासळ्यांवर पेन्सिलीने केलेल्या खुणा, हे सगळे वेगवेगळ्या काळांतले आहेत. त्यांपैकी काहींचा उपयोग पुढे होईल, म्हणून ते पुसू नयेत. पण बांधणीचा क्रमांक म्हणून ते वापरू नयेत.

कारखाना ओळखणे

पाच आकडी क्रमांक ओल्ड टाउनचाही असू शकतो आणि केनेबेकचाही. प्रत्येक कारखान्याची मोजदाद स्वतंत्र होती, त्यामुळे एकच आकडा दोन-तीन दप्तरांत सापडू शकतो. म्हणून क्रमांक पाठवण्यापूर्वी कारखान्याविषयी आपला स्वतंत्र अंदाज तयार असला पाहिजे.

डेकवरील कंपनीचे चिन्ह हा सर्वांत सोपा पुरावा दिसतो, पण तोच सर्वांत कच्चा आहे, कारण जुन्या चिन्हांच्या हुबेहूब नव्या प्रती बाजारात मिळतात आणि नाव पुन्हा चकचकीत करणारे त्या हौसेने लावतात. अधिक भरवशाचे असते ते लाकूडकाम. डेकचा आकार आणि त्याची आतली कड कशी कापली आहे, आतली आणि बाहेरची काठपट्टी कशी जोडली आहे, फासळ्यांची टोके वरून उघडी दिसतात की एका पट्टीने झाकली आहेत, बैठकी आणि दोन्ही काठांना जोडणाऱ्या आडपट्ट्या कोणत्या डोक्याच्या बोल्टांनी बसवल्या आहेत, फासळ्यांची रुंदी आणि त्यांच्यामधले अंतर किती, नाळेचे आतले टोक सरळ आहे की पसरट, या प्रत्येक गोष्टीत कारखान्यांच्या सवयी वेगळ्या होत्या. वीझीच्या बी. एन. मॉरिस यांच्या कॅनूंत नाळेचे टोक तळाशी पसरट होत गेलेले आढळते. ही खूण एकदा पाहिली की सहसा विसरत नाही. काठपट्टीच्या बाबतीत साधारण नियम असा की, फासळ्यांची टोके वरून झाकणारी बंद काठपट्टी ही जुनी पद्धत आणि टोके उघडी ठेवणारी खुली काठपट्टी ही नंतरची. मात्र काठपट्ट्या सर्वांत आधी कुजतात आणि सर्वांत आधी बदलल्या जातात, हेही ध्यानात ठेवावे.

माझ्या मते तपासणीसाठी एक कागद तयार करून त्यावर मोजमापे लिहिणे सक्तीचे समजावे : एकूण लांबी, मध्याची रुंदी, मध्याची खोली, फासळ्यांची संख्या, एका फासळीची रुंदी, दोन फासळ्यांमधले अंतर, डेकची लांबी, कीलची उपस्थिती. कील म्हणजे तळाखालून लांबीभर जाणारी लाकडी पट्टी; ती नंतर बसवलेली किंवा काढून टाकलेली असू शकते, म्हणून आतल्या बाजूने मध्यरेषेवर स्क्रूची भरलेली छिद्रे आहेत का, हेही पाहावे. त्याबरोबर बाजूचे पूर्ण दृश्य, दोन्ही टोके, दोन्ही डेक, बैठकी आणि नाळेवरचा क्रमांक यांची छायाचित्रे घ्यावीत.

नोंद मागवणे आणि कार्ड वाचणे

क्रमांक, लांबी, कारखान्याविषयीचा अंदाज, शंकास्पद अंकांचे पर्याय आणि छायाचित्रे, एवढा ऐवज वुडन कॅनू हेरिटेज असोसिएशनकडे पाठवावा. स्कॅन केलेल्या नोंदींतून कार्ड शोधून देणारे अनुभवी स्वयंसेवक तिथे आहेत. केवळ आकडा न पाठवता मोजमापे आणि छायाचित्रे पाठवली, तर आकडा चुकीचा वाचला असल्यास तेही बहुधा तिथल्या तिथे लक्षात येते.

ओल्ड टाउनचे कार्ड म्हणजे कारखान्यात नावेबरोबर फिरणारा कामाचा कागद होता, संग्राहकांसाठी लिहिलेले प्रमाणपत्र नव्हे. त्यामुळे त्यात संक्षेप आहेत, घाईची अक्षरे आहेत आणि काही रकाने कोरे आहेत. वरच्या भागात क्रमांक, लांबी, दर्जा आणि मॉडेल असते. दर्जासाठी एए म्हणजे सर्वोत्तम आणि सीएस म्हणजे कॉमन सेन्स, अर्थात मध्यम दर्जा, ही अक्षरे वारंवार आढळतात. मॉडेलसाठी सीआर म्हणजे चार्ल्स रिव्हर, एचडब्ल्यू म्हणजे मोठ्या लाटांच्या पाण्यासाठीची नाव, त्याशिवाय ओट्का, गाइड्स, यांकी, फिफ्टी पाउंड अशी नावे असतात. चार्ल्स रिव्हर हे नाव बोस्टनजवळच्या नदीवरून आले असून २०व्या शतकाच्या आरंभी त्या नदीवर सहलीला निघालेल्या जोडप्यांच्या कॅनूंची गर्दी होत असे. लांब डेक आणि उंच टोकांच्या देखण्या नावांची मागणी तिथूनच वाढली.

त्यानंतर साहित्य येते : फळ्या कोणत्या सीडरच्या, काठपट्ट्या खुल्या की बंद आणि स्प्रूसच्या की महोगनीच्या, डेक, आडपट्ट्या व बैठकी कोणत्या लाकडाच्या. मग जोडसामान : कील, तळाची जाळी, बाहेरची नाळ, नाळेवरून खाली उतरणारी पितळी पट्टी, मुख्य फासळ्यांच्या मध्ये बसवलेल्या अर्ध्या फासळ्या, शिडाची व्यवस्था, आणि स्पॉन्सन, म्हणजे नाव उलटू नये म्हणून काठाखाली दोन्ही बाजूंना बसवलेल्या लांबट हवाबंद पेट्या. शेवटी रंग. रंगाचे नाव, किंवा कॅटलॉगातल्या नक्षीचा क्रमांक.

कार्डाचा सर्वांत बोलका भाग तारखांचा आहे. फळ्या ठोकल्या, कॅनव्हास चढवला, पहिले भरण, दुसरे भरण, काठपट्ट्या, व्हार्निशचे हात, रंगाचे हात आणि अखेर रवानगी, अशा टप्प्यांपुढे तारखा असतात आणि पुष्कळदा काम करणाऱ्याचे नाव किंवा आद्याक्षरेही. कॅनव्हासच्या विणीत घोटून भरलेले हे भरण सुकायला काही आठवडे लागतात, म्हणून कॅनव्हास आणि रंग यांच्यामधले अंतर पाहून दचकू नये. हिवाळ्यात बांधून वसंतात रवाना झालेल्या नावा पुष्कळ दिसतात. याहून मोठे अंतरही आढळते : नाव अर्धवट तयार करून कोठारात ठेवायची आणि ग्राहकाने रंग निवडला की पूर्ण करायची, अशी पद्धत असल्याने पहिल्या आणि शेवटच्या तारखेत वर्षांचेही अंतर पडू शकते. तेव्हा ‘अमुक साली बांधली’ असे एकच वर्ष लिहिण्यापेक्षा बांधणीचा कालावधी आणि रवानगीची तारीख या दोन्ही नोंदवाव्यात. विक्रेते सोयीनुसार यांतली जुनी तारीख उचलतात, हे वेगळे सांगायला नको.

काही कार्डांवर नंतरच्या नोंदीही आहेत : नाव दुरुस्तीसाठी कारखान्यात परत आली, पुन्हा कॅनव्हास चढवला, मालकाने काही विचारणा केली. अशी नोंद असेल तर ती सोन्याच्या मोलाची समजावी, कारण नाव नंतर कोणाकडे आणि कुठे होती, हे सांगणारा दुसरा कागद बहुधा नसतो.

उलटतपासणी

आता कार्ड एका हाती आणि मोजमापांचा कागद दुसऱ्या हाती घेऊन ओळीने ताडून पाहावे. या कामात कोणत्या तपशिलाला किती वजन द्यायचे, हे ठरवणे हाच खरा कौशल्याचा भाग आहे.

लांबी जुळलीच पाहिजे. नाळेवर १७ ठोकलेले आहे आणि कार्ड १६ फुटांच्या नावेचे आहे, तर क्रमांक चुकीचा वाचला आहे किंवा दप्तर दुसऱ्या कारखान्याचे आहे. इतर चार गोष्टी जुळत असल्या तरी तडजोड करू नये. मॉडेलही सहसा जुळले पाहिजे, कारण नावेचा आकार साच्यावर ठरलेला असतो आणि दुरुस्तीत तो बदलत नाही. याउलट रंग न जुळणे हा पुरावा नव्हे. कॅनव्हास काही दशकांनी बदलावा लागतो आणि त्याबरोबर रंग जातो. मूळ रंगाचा मागमूस हवा असेल तर बाहेरच्या काठपट्टीखाली, बाहेरच्या नाळेच्या सांध्यात, किंवा मूळ कील काढल्यावर तिच्या कडेला शोधावा. तळाची जाळी, शिडाचे सामान आणि बैठका या सुट्या वस्तू असल्याने त्यांची अनुपस्थिती काहीच सिद्ध करत नाही. त्या होत्या याच्या खुणा मात्र उरतात. आडपट्टीत डोलकाठीसाठी पाडलेले भोक, तळावर तिच्या बुंध्याच्या ठोकळ्याची जागा, काठाखाली स्पॉन्सनच्या खिळ्यांची ओळ, अशा खुणा सापडल्या आणि कार्डावर त्या वस्तूंची नावे असली, तर कार्ड आपल्याच नावेचे आहे, यावर माझा विश्वास इतर कशाहीपेक्षा अधिक बसेल.

लाकडाच्या बाबतीत सावध राहावे. महोगनीची काठपट्टी कार्डावर आहे आणि नावेवर ॲश वृक्षाचे लाकूड आहे, याचा अर्थ बहुधा एवढाच की काठपट्टी बदलली गेली. उलट, कार्डावर मध्यम दर्जा असून नावेवर सगळीकडे महोगनी झळकत असेल, तर एखाद्या हौशी मालकाने नावेचा दर्जा नंतर वाढवला असण्याची शक्यता तपासावी : बोल्टांची जुनी भरलेली छिद्रे, नव्या स्क्रूंची डोकी, लाकडाच्या रंगातला फरक. फळ्यांचे लाकूड बदलणे फारच कष्टाचे असल्याने तिथला विसंवाद गंभीर धरावा.

विसंगती उरलीच तर आधी तयार ठेवलेले पर्यायी अंक एकेक करून तपासावेत. त्यांपैकी एका कार्डावर लांबी, मॉडेल आणि दोन-तीन न बदलणारे तपशील एकदम जुळले की प्रश्न सुटतो. ओल्ड टाउनच्या एकाही कार्डाशी मेळ बसत नसेल तर केनेबेक आणि कार्लटनची दप्तरे पाहण्याची विनंती करावी.

रवानगीचे ठिकाण

कार्डावरील गावाचे नाव वाचून मालक भारावून जातात, पण ते गाव बहुधा विक्रेत्याचे असते, पहिल्या मालकाचे नव्हे. नावा रेल्वेने दुकानांकडे, भाड्याच्या धक्क्यांकडे, उन्हाळी शिबिरांकडे जात असत. व्यक्तीचे नाव दिलेले असेल तर भाग्य समजावे. विक्रेत्याचे नाव असल्यास त्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातील जुन्या शहर-निर्देशिका, स्थानिक वृत्तपत्रांतील जाहिराती आणि अग्निविम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे यांवरून दुकान कुठे होते आणि किती वर्षे चालले, हे कळते. शिबिराचे नाव असेल तर आपण आधी पुसायचे टाळलेले डेकवरचे अंक आता उपयोगी येतात. तसेच राज्याच्या नोंदणीच्या चिकटपट्ट्या; मिनेसोटासारख्या राज्यात कॅनूचीही नोंदणी करावी लागते, त्यामुळे त्या पट्ट्यांवरून नावेचा नंतरचा मुक्काम ठरवता येतो.

नोंदी नसलेल्या नावा

मॉरिस कंपनीचा कारखाना १९१९च्या अखेरीस जळाला आणि तिथली बांधणीची दप्तरे मिळत नाहीत. तरीही मार्ग बंद झालेला नाही. मॉरिसच्या पुष्कळ कॅनूंवर पुढच्या टोकाकडे, डाव्या आतल्या काठपट्टीवर क्रमांकाची एक छोटी पितळी पट्टी असते. आज हयात असलेल्या नावांचे क्रमांक, डेकचे प्रकार, काठपट्ट्यांची रचना आणि जिथे माहीत असेल तिथे खरेदीचे वर्ष, अशी यादी अभ्यासकांनी जमवली आहे आणि तीत आपली नाव बसवून काळाचा अंदाज बांधता येतो. पट्टी हरवलेली असली तरी तिच्या दोन खिळ्यांची छिद्रे काठपट्टीवर शोधावीत. याच कारखान्याच्या स्वस्त नावा वीझी या नावाने विकल्या जात, म्हणून निराळे चिन्ह पाहून मॉरिसची शक्यता सोडून देऊ नये.

कॅनडाच्या नावांबाबत अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. न्यू ब्रन्सविक प्रांतातील फ्रेडरिक्टनची चेस्टनट कंपनी १९७९ मध्ये बंद झाली, ओन्टारिओतील पीटरबरो कंपनी त्याआधीच १९६०च्या सुमारास; १९२३ पासून दोन्ही एकाच मालकी-कंपनीखाली होत्या, तरी ओल्ड टाउनसारखे नावेगणिक कार्डांचे दप्तर त्यांच्यासाठी उपलब्ध नाही. नाळेवर आकडा सापडला तर तो मॉडेलचाही असू शकतो. इथे वय ठरते ते चिन्हाच्या प्रकारावरून, कंपनीच्या पत्त्यात झालेल्या बदलांवरून आणि वार्षिक कॅटलॉगांवरून. पीटरबरो शहरातील कॅनेडियन कॅनू म्युझियम २०२४ मध्ये नव्या इमारतीत गेले असून तिथे नावांच्या संग्रहाबरोबर अभिलेखही आहेत. न्यूयॉर्क राज्यातील कँटनचे कॅनू-बांधणारे जे. एच. रश्टन यांच्या नावांसाठी ब्लू माउंटन लेक येथील ॲडिरोंडॅक एक्स्पीरियन्स आणि क्लेटन येथील अँटिक बोट म्युझियम, तर न्यू इंग्लंडच्या छोट्या कारखान्यांसाठी कनेटिकटचे मिस्टिक सीपोर्ट म्युझियम, ही विचारणेची योग्य ठिकाणे होत. संग्रहालयाला पत्र लिहिताना ‘माझी कॅनू कोणती’ असा प्रश्न न विचारता ‘अमुक कंपनीचे अमुक दशकातले कॅटलॉग पाहता येतील का’ असे विचारावे. उत्तर मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

कॅटलॉग वापरताना एकच पथ्य पाळावे. एखादे वैशिष्ट्य कॅटलॉगात प्रथम दिसले त्या वर्षाच्या आधीची नाव असू शकत नाही, असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण जुनी चित्रे वर्षानुवर्षे पुन्हा छापली जात आणि नव्या सुधारणा छापण्याआधीच कारखान्यात सुरू झालेल्या असत. दोन-तीन वर्षांची सैल बाजू ठेवूनच अंदाज मांडावा.

१९७२ नंतरच्या नावांचा मार्ग निराळा आहे. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून अमेरिकेत नव्या नावांना बारा अक्षरांचा हल क्रमांक, म्हणजे नावेच्या ढाच्याचा ओळख-क्रमांक, सक्तीचा झाला. त्याची पहिली तीन अक्षरे उत्पादकाची असतात आणि ओल्ड टाउनसाठी ती एक्सटीसी अशी आहेत. तो बाहेरून, उजव्या बाजूला, मागच्या टोकाजवळ पाहावा. जुन्या नावेवर असा क्रमांक असेल तर तो नोंदणीच्या वेळी राज्याने नंतर दिलेला असू शकतो. त्यावरून बांधणीचे वर्ष काढू नये.

दुरुस्तीपूर्वी आणि नंतर

नोंद मिळवण्याचे काम कॅनव्हास काढण्यापूर्वी पूर्ण करावे. कार्डावर कील नसेल तर नंतर बसवलेली कील ठेवायची की नाही, मूळ रंग गडद हिरवा असताना आपल्याला आवडणारा लाल द्यायचा का, काठपट्टी स्प्रूसची करायची की महोगनीची, हे निर्णय कार्ड समोर असताना घेतलेले बरे. मूळ रंगच द्यावा असा माझा आग्रह नाही, कारण रंग पुन्हा बदलता येतो. पण नाळेचा कुजलेला भाग कापून नवा जोडताना क्रमांकाचा तुकडा वाचवलाच पाहिजे. तो तुकडा जागेवर ठेवणे शक्य नसेल तर छायाचित्र घेऊन, तुकडा पिशवीत घालून नावेबरोबर जपावा आणि नव्या नाळेवर जुना क्रमांक पुन्हा ठोकू नये; ठोकायचाच असेल तर शेजारी दुरुस्तीचे वर्ष ठोकावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाची फसगत होणार नाही.

कार्डाची प्रत, मोजमापांचा कागद, तिरप्या उजेडातली छायाचित्रे, जुळलेल्या आणि न जुळलेल्या तपशिलांची यादी आणि दुरुस्तीत काय काय बदलले त्याची नोंद, हे सर्व एका फाइलमध्ये एकत्र ठेवावे. न जुळलेले तपशील त्या यादीतून वगळण्याचा मोह होतो, विशेषतः नाव विकायची असेल तेव्हा. तरीही ते लिहावेतच, कारण पुढे एखादे दुरुस्तीचे कार्ड किंवा विक्रेत्याचे पत्र हाती आले तर त्याचा अर्थ नेमका त्या ओळींवरूनच लागतो. नावेचा क्रमांक, सध्याची स्थिती आणि छायाचित्रे संबंधित कारखान्याच्या यादीसाठी अभ्यासकांना कळवावीत. मॉरिससारख्या, दप्तर नसलेल्या कारखान्यांच्या बाबतीत ही यादी अशा कळवलेल्या क्रमांकांतूनच तयार झाली आहे, आणि मोडकळीला आलेल्या, दुरुस्त होण्यापलीकडच्या नावेचा क्रमांकही तिला तितकाच उपयोगी पडतो.